कॉलेजातला मित्र आणि कंपनीचा प्रतिनिधी

मंडळी, बैलबाजारात तुम्ही अनेकदा गेला असाल. बैल घ्यायचा म्हटला की आपण काय करतो? त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, दहा पावले चालवून पाहतो. जमलेच तर औताला जुंपून पाहतो. हे सगळे चालले असताना शेजारी उभा असलेला एखादा ओळखीचा माणूस म्हणतो, "घ्या हो पाटील, डोळे झाकून घ्या. या जोडीला तोड नाही." त्याच्या शब्दावर आपला चटकन विश्वास बसतो, कारण तो आपल्याच गावचा असतो. मग व्यवहार पुरा होतो आणि चार दिवसांनी कळते, की या गृहस्थाला विकणाऱ्याकडून दलाली मिळालेली आहे. आता बैल वाईटच निघतो असे नाही. पुष्कळदा चांगलाही निघतो. तरी मनाला चुटपुट लागते ती लागतेच. "बाबा रे, दलाली घेणार होतास तर आधी सांगायचे होतेस," असे आपल्याला वाटते.

आजचा विषय वरवर पाहता बैलबाजारापासून फार दूरचा आहे. तो आहे संगणकाचा, म्हणजे कॉम्प्युटरचा. पण नीट पाहिले तर गोष्ट तीच आहे.

तुमचा मुलगा किंवा मुलगी बारावी होऊन जिल्ह्याच्या किंवा शहराच्या कॉलेजात जाते. तिथे पहिल्या महिन्यातच लॅपटॉपचा प्रश्न निघतो. लॅपटॉप म्हणजे मांडीवर घेऊन काम करता येईल असा लहान संगणक. त्याला तीस-चाळीस हजार तरी लागतात, कधी त्याच्या दुप्पटही लागतात. सोयाबीनचे किंवा उसाचे पैसे हातात आलेले असतात, त्यातून ते काढायचे. कुठला घ्यावा हे घरात कुणालाच माहीत नसते. मग मुलगा म्हणतो, "आमच्या कॉलेजातला एक वरच्या वर्गातला दादा आहे, त्याला यातले सगळे कळते. तो म्हणतो अमुक कंपनीचाच घे." आपण म्हणतो, बरे झाले, जाणता माणूस भेटला.

हा दादा खरोखरच जाणता असू शकतो. पण तो त्या कंपनीचा विद्यार्थी प्रतिनिधीही असू शकतो. हल्ली त्याला कॅम्पस ॲम्बॅसेडर म्हणतात. कॉलेजाच्या आवारात कंपनीची बाजू मांडणारा वकीलच म्हणा ना! ही पद्धत कुठून आली, ती कशी चालते आणि आपण तिच्याशी कसे वागावे, हे आज समजून घेऊ.

ही पद्धत संगणकाबरोबर जन्मली नाही. ती त्याहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्या कॉलेजांतून विद्यार्थ्यांनाच पगारी प्रतिनिधी नेमत असत. हे विद्यार्थी आपल्या सोबत्यांना सिगारेटी फुकट वाटत. हिशेब साधा होता. अठरा-वीस वर्षांच्या वयात लागलेली सवय माणूस सहसा सोडत नाही. आणि परक्या विक्रेत्याने पुढे केलेली वस्तू नाकारणारा मुलगा मित्राने दिलेली वस्तू नाकारत नाही. यावर टीका वाढली तेव्हा १९६३ साली मोठ्या सिगारेट कंपन्यांनी कॉलेजांतला हा प्रचार थांबवला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४ मध्ये, धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो असे सांगणारा अमेरिकन सरकारचा प्रसिद्ध अहवाल बाहेर आला.

आता संगणक म्हणजे सिगारेट नव्हे, हे उघड आहे. संगणक ही उपयोगाची वस्तू आहे. विद्यार्थ्याला तो लागतो आणि त्याचे त्यावर भले होते. पण विकण्याची रीत मात्र तीच आहे, आणि ती का लागू पडते याचे कारणही तेच आहे.

संगणकाच्या बाबतीत ही रीत कशी आली ते पाहू. जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या ॲपल कंपनीने मॅकिंटॉश नावाचा लहान संगणक बाजारात आणला. किंमत होती २,४९५ डॉलर. त्या काळच्या विद्यार्थ्याला ही किंमत झेपण्यासारखी नव्हती. पण कंपनीने एक गोष्ट ओळखली होती. आज कॉलेजात असलेला मुलगा उद्या कचेरीत, प्रयोगशाळेत किंवा शाळेत जाणार आहे. ज्या यंत्रावर त्याचा हात बसला, तेच यंत्र तो पुढे मागणार आहे. म्हणून ॲपलने चोवीस नामांकित विद्यापीठांशी करार केला. त्यांत हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड यांच्यासारखी विद्यापीठे होती. तिथल्या विद्यार्थ्यांना हा संगणक निम्म्याहून कमी किमतीत मिळू लागला. फिलाडेल्फिया शहरातल्या ड्रेक्सेल विद्यापीठाने तर त्याच सुमारास, प्रत्येक नव्या विद्यार्थ्याजवळ संगणक असलाच पाहिजे असा दंडक घातला आणि त्यासाठी मॅकिंटॉशची निवड केली.

स्वस्त दर झाला, विद्यापीठाची संमती झाली. तरी एक काम उरतेच. नव्या यंत्राजवळ माणसाला नेऊन बसवायचे कुणी? त्याची भीती घालवायची कुणी? हे काम दुकानदारापेक्षा विद्यार्थी चांगले करतो. म्हणून पुढच्या काळात ॲपलने अनेक कॉलेजांतून विद्यार्थी प्रतिनिधी ठेवले. इतर कंपन्यांनीही तोच कित्ता गिरवला. मायक्रोसॉफ्ट ही कंपनी संगणक चालवणाऱ्या आज्ञावल्या, म्हणजे सॉफ्टवेअर, तयार करते. तिने २००१ साली विद्यार्थी भागीदारांची योजना सुरू केली. पुढे ती आपल्या देशातल्या कॉलेजांतही आली. २०२० साली तिचे नाव बदलून त्यात ॲम्बॅसेडर हा शब्द घातला गेला. आज लॅपटॉपपासून मोबाइलपर्यंत आणि शिकवणी वर्गांपासून बँकांपर्यंत नाना तऱ्हेच्या कंपन्यांचे प्रतिनिधी आपल्याकडच्या कॉलेजांतून दिसतात.

हा प्रतिनिधी करतो तरी काय? कॉलेजाच्या दारात टेबल मांडतो, त्यावर यंत्र ठेवतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हाताळू देतो. छोटी शिबिरे घेतो. नव्या विद्यार्थ्याला फाइल कशी उघडावी, काम कसे जपून ठेवावे हे शिकवतो. व्हॉट्सॲपवर गट तयार करतो, त्यावर सवलतींची माहिती टाकतो. आलेल्यांची नावे आणि फोन नंबर टिपून घेतो. महिन्याच्या शेवटी किती कार्यक्रम केले, किती जण आले, याचा अहवाल कंपनीला पाठवतो. बदल्यात त्याला काही मिळते. कुठे तासावर पैसे, कुठे विक्रीवर कमिशन, कुठे वापरायला यंत्र, कुठे सदरा आणि टोपी, तर कुठे नुसते प्रमाणपत्र.

तुम्ही म्हणाल, मग यात वाईट काय झाले? पोरगा कष्ट करतो, चार पैसे मिळवतो. बरोबर आहे. विक्री हा काही गुन्हा नाही. हा विद्यार्थी चार लोकांत उभे राहून बोलायला शिकतो, अवघड गोष्ट सोपी करून सांगायला शिकतो. त्याच्यामुळे एखाद्या लाजऱ्या मुलीचीही संगणकाची भीती जाते. हे चांगलेच आहे.

गोम आहे ती दुसरीकडे. दुकानदार बोलतो तेव्हा तो दुकानदार आहे हे आपल्याला माहीत असते. आपण त्याचे बोलणे त्या हिशेबाने ऐकतो. त्याने रुपया सांगितला की आपण बारा आण्यांवर येतो. पण मित्र बोलतो तेव्हा आपण तराजू खाली ठेवतो. कंपनी पैसे मोजते ते नेमके या विश्वासाचे. विश्वास त्या मुलाचा, फायदा कंपनीचा, आणि वस्तू चुकीची निघाली तर नुकसान तुमचे.

दुसरी गोष्ट अशी, की प्रतिनिधी खोटे बोलतो असे सहसा होत नाही. तो खरेच बोलतो, पण अर्धे बोलतो. पुन्हा १९८४ सालच्या त्या मॅकिंटॉशचेच उदाहरण घ्या. यंत्र फार सुरेख होते. चित्रांवर बोट ठेवावे तसे माउस नावाच्या खुंटीने काम करता येई. त्यापूर्वी बहुतेक संगणकांवर आज्ञा टंकित कराव्या लागत. पाहणारा थक्क होई. पण त्या यंत्राची स्मृती, म्हणजे मेमरी, अगदी तोकडी होती, १२८ किलोबाइट. पाटी लहान असली की लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे, तसे होई. एकाच फटीतून तबकड्या पुन्हा पुन्हा बदलाव्या लागत. आणि ही पाटी वापरणाऱ्याला सहजासहजी वाढवता येत नव्हती. सप्टेंबर १९८४ मध्ये, म्हणजे आठच महिन्यांनी, कंपनीने चौपट स्मृतीचे यंत्र आणले. ज्यांनी आधी घाई केली त्यांच्यापुढे प्रश्न पडला, की आता आणखी पैसे घालावेत की अडचणीत काम चालवावे? शिवाय त्या काळी बऱ्याच कचेऱ्यांत आयबीएम धर्तीचे संगणक असत आणि त्यांची सॉफ्टवेअरे मॅकिंटॉशवर चालत नसत. टेबलापाशी उभ्या राहिलेल्या मुलाला माउस चटकन दिसतो. अपुरी स्मृती तिथे दिसत नाही. ती घरी गेल्यावर, परीक्षेच्या आदल्या रात्री दिसते.

हे जुने उदाहरण सांगितले, कारण तो प्रश्न आजही तसाच आहे. हल्लीच्या पातळ आणि देखण्या लॅपटॉपांपैकी पुष्कळांत स्मृतीचे तुकडे आतल्या पाटाला कायमचे डाक देऊन जोडलेले असतात. नंतर वाढवू म्हटले तर वाढवता येत नाहीत. कॉलेज चार वर्षांचे आणि यंत्र दुसऱ्याच वर्षी अपुरे, अशी गत होऊ शकते. हे प्रतिनिधीने आपणहून सांगावे अशी अपेक्षा ठेवू नका. तुम्ही विचारले पाहिजे.

आता कुणी म्हणेल, मग मित्राचे ऐकायचेच नाही का? तसे नव्हे. विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना पसरवून दिलेली एक मोठी गोष्ट संगणकाच्या जगात आहे. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनुस टॉरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने एका नव्या कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना खुला करून दिला. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारे मूळ सॉफ्टवेअर. तिचे नाव लिनक्स. गावोगावच्या विद्यार्थ्यांनी ती एकमेकांना दिली, एकमेकांच्या यंत्रावर बसवून दिली. पुण्यातही असा लिनक्सप्रेमींचा गट उभा राहिला. हे लोकही आपल्या आवडीच्या वस्तूची तोंड भरून स्तुतीच करतात, आणि कधी कधी तीही अर्धीच असते. पण विक्रीमागे कमिशन नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. शिफारस कुणी केली एवढे कळून भागत नाही. तिच्यामागे काय देणेघेणे आहे हेही कळले पाहिजे, म्हणजे ती किती जोखायची ते आपण ठरवू शकतो.

आपल्या कायद्यानेही हे तत्त्व मानले आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक नियम काढले. वस्तूची भलावण करणाऱ्याचा कंपनीशी काही संबंध असेल आणि तो ऐकणाऱ्याला सहसा माहीत होण्यासारखा नसेल, तर तो उघड सांगितला पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या खेपेस दहा लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद कायद्यात आहे. वसतिगृहात एका मुलाने दुसऱ्याला सांगितलेल्या गोष्टीवर कुणी दंड करायला धावेल असे नाही. पण नियमाचा अर्थ ध्यानात ठेवा. तुम्हाला विचारण्याचा हक्क आहे, आणि तसे विचारण्यात कुणाचा अपमान नाही.

तेव्हा लॅपटॉप घेण्याआधी मुलाला घरी बसवून चार प्रश्न काढून द्या. पहिला प्रश्न त्या दादाला किंवा ताईला विचारायचा: "तुम्हाला या कंपनीकडून काही मिळते का?" प्रामाणिक मुलगा हसून सांगेल, "हो, मिळते." असे सांगणाऱ्याचे पुढचे बोलणे मग निश्चिंतपणे ऐकावे.

दुसरा प्रश्न: "या यंत्रात उणे काय आहे?" जगात निर्दोष बैल नाही, तसे निर्दोष यंत्रही नाही. ज्याला एकही उणीव सांगता येत नाही, त्याला एक तर माहिती नाही किंवा त्याला सांगायचे नाही.

तिसरा प्रश्न: "माझ्या अभ्यासाला नेमके काय लागते?" हा प्रतिनिधीला विचारू नका, शिक्षकांना विचारा. वाणिज्य शाखेच्या मुलाला हिशेब, पत्रलेखन आणि इंटरनेट एवढ्यावर भागते. त्याला साधे यंत्र पुरते. इमारतींचे आराखडे काढणाऱ्या किंवा चित्रफिती तयार करणाऱ्या विद्यार्थ्याला भारी यंत्र लागते. अभ्यासक्रमातले सॉफ्टवेअर कोणत्या यंत्रावर चालते, हेही शिक्षकच सांगू शकतात. दोन एकरांना ट्रॅक्टर घेऊ नये आणि वीस एकरांना एका जोडीवर विसंबू नये, हे तुम्हाला मी सांगायला नको.

चौथा प्रश्न: "बिघडले तर कुठे न्यायचे?" यंत्राचे दुरुस्ती केंद्र आपल्या जिल्ह्याच्या गावी आहे, की त्यासाठी पुण्या-मुंबईची वारी करावी लागेल? हमीची मुदत किती? पडझड तिच्यात धरली आहे का? बॅटरीचे काय? हे सगळे लेखी घ्या आणि पक्के बिल घ्या. प्रतिनिधी परीक्षा देऊन निघून जातो. उरते ते बिलच.

आणि हे सगळे करूनही फसगत झाली तर गप्प बसू नका. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी पडत नाही.

आता दोन शब्द त्या मुलामुलींसाठी, ज्यांना स्वतःलाच प्रतिनिधी व्हायचे आहे. जरूर व्हा. पण काम घेण्याआधी काय मिळणार ते लेखी विचारा. नुसत्या प्रमाणपत्रावर वर्षभर राबवून घेणारेही भेटतात. प्रतिनिधी होण्यासाठी जो तुमच्याकडूनच अनामत मागतो त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. मित्रांचे फोन नंबर ही मित्रांची वस्तू आहे, त्यांना विचारल्याशिवाय ती कुणाच्या हवाली करू नका. आणि टेबलापाशी आलेल्या प्रत्येकाला आधी सांगा, की मी कंपनीचा प्रतिनिधी आहे. याने विक्री थोडी कमी होईल, पण मैत्री टिकेल. गावाकडून आलेल्या एखाद्या मुलाच्या खिशात बापाच्या वर्षभराच्या घामाचे पैसे असतात. त्याला महाग यंत्राची गरज नसेल तर तसे सांगून टाका. एका यंत्राचे कमिशन जाईल, पण तो मुलगा जन्मभर तुमचे नाव काढील.

शिक्षकबंधू आणि भगिनींना एक विनंती आहे. वर्गाच्या तासाला टेबल मांडू देऊ नका. कंपनीला यायचे असेल तर तिने शाळा-कॉलेज सुटल्यावर, आवारात, आपल्या नावाची पाटी लावून बसावे. शक्य असेल तर एकाऐवजी दोन-तीन कंपन्यांना एकाच दिवशी बोलवा, म्हणजे मुलांना तुलना करता येईल. वर्षाच्या सुरुवातीला, कोणत्या शाखेला किती क्षमतेचे यंत्र पुरते, याचा एक कागद तयार करून फळ्यावर लावा. त्यात कंपनीचे नाव घालू नका. तुमचा एक कागद कितीतरी घरांचे हजारो रुपये वाचवील. आणि मुलांना संगणक शिकवताना एकाच कंपनीची बटणे पाठ करून घेऊ नका. आपल्याकडे गावोगावची मुले एमएस-सीआयटीचा वर्ग करतात. त्यांना काम कशासाठी करायचे आणि ते कसे मांडायचे हे कळले, तर उद्या दुसरे यंत्र समोर आले तरी ती अडणार नाहीत. सायकल शिकलेल्याला कुठलीही सायकल चालते.

मंडळी, मुलगा शहरात शिकायला जातो तेव्हा त्याला मित्र लागतात, आणि मित्रांवर विश्वास ठेवल्यावाचून परक्या गावात दिवस निघत नाहीत. तो विश्वास त्याने जरूर ठेवावा. फक्त पैशाचा व्यवहार आला की आपण बाजारात जसे करतो तसे करावे. रामराम आधी, मग दात पाहावेत, मग चालवून पाहावे, आणि शेवटी मोकळेपणाने विचारावे, "दादा, यात तुमचे काय?" हे विचारायला त्याला घरूनच शिकवून पाठवा.